विधिवृत्ते, भारतातील

न्यायालयांनी दिलेल्या निवाड्यांपैकी विधीच्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या निवाड्यांचे संकलन, संपादन आणि नियतकालिक प्रसिद्धी करणाऱ्या प्रकाशनांना विधिवृत्ते म्हणतात. इंग्रजीत त्यांना ‘लॉ रिपोर्ट’ असे नाव असून मराठी वकीलवर्गात ‘रिपोर्टर’ हाच शब्द रूढ आहे. वृत्तपत्रातील न्यायालयीन बातमी आणि विधिवृत्त यांत मूलभूत फरक आहे. बातमी खटल्यात काय घडले ते सांगते. विधिवृत्त त्या खटल्याने विधीत कोणती भर घातली हे सांगते. ज्या देशात वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय कनिष्ठ न्यायालयांवर बंधनकारक असतो, त्या देशात विधीचा मोठा भाग अधिनियमांत नव्हे, तर निवाड्यांत सापडतो. त्यामुळे निवाडे कोण छापतो, ते किती लवकर व कोणत्या भाषेत मिळतात आणि ते विकत घेण्याची ऐपत कोणाला आहे, हे प्रश्न केवळ ग्रंथव्यवहाराचे राहत नाहीत. जो विधी नागरिकास ठाऊक असल्याचे गृहीत धरले जाते, तो त्यास वाचावयास मिळतो किंवा नाही, याच्याशी ते निगडित आहेत. भारतात ही वृत्ते चालविण्याचे काम प्रामुख्याने वकिलांनी केले. वकीलवर्गाच्या लेखनाचा व प्रकाशनाचा इतिहास म्हणूनही त्यांच्याकडे पाहता येते.

पूर्वपीठिका : पूर्वनिर्णयाचे तत्त्व आणि विधिवृत्त यांची परंपरा भारतात इंग्लंडमधून आली. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १५३५ पर्यंत ‘इयर बुक्स’ या नावाने ओळखली जाणारी टिपणे लिहिली जात. न्यायालयातील युक्तिवाद आणि न्यायाधीशांचे उद्गार यांची ती टाचणे असून त्यांची भाषा वकिलांच्या वापरातील नॉर्मन वळणाची फ्रेंच होती. त्यानंतर व्यक्तिनामांकित वृत्तांचा काळ आला. एडवर्ड कुक या विख्यात विधिज्ञाच्या वृत्तमालेचा पहिला भाग १६०० मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र अशा सर्वच वृत्तकारांचा दर्जा सारखा नव्हता. काहींच्या टिपणांवर न्यायाधीश मुळीच विश्वास ठेवीत नसत. एकाच निवाड्याची परस्परविसंगत वृत्ते उपलब्ध असणे, ती उशिरा व महागड्या किमतीस मिळणे, यांविरुद्धच्या असंतोषातून १८६५ मध्ये इंग्लंडमधील वकीलवर्गाने विधिवृत्तांसाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले. भारतातील पुढील घडामोडींवर या प्रयोगाची छाया पडलेली दिसते.

कंपनीकाळ : ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत दोन प्रकारची न्यायालये होती. कलकत्ता (१७७४), मद्रास (१८०१) व मुंबई (१८२४) येथील सर्वोच्च न्यायालये राजाच्या सनदेने स्थापन झालेली होती, तर मुलखातील दाव्यांची अंतिम अपिले कंपनीच्या सदर अदालतींकडे जात. या दोहोंच्या निवाड्यांचे पद्धतशीर प्रकाशन होत नसे. काही न्यायाधीश, निबंधक आणि बॅरिस्टर यांनी आपल्या हौसेने वा सोयीसाठी निवडक निवाडे छापले. बंगालच्या सदर दिवाणी अदालतीच्या निवाड्यांचे संकलन विल्यम हे मॅकनॉटन याने केले. मुंबई इलाख्याच्या सदर अदालतीतील १८०० ते १८२४ या कालखंडातील दिवाणी निवाडे हॅरी बोरॅडेल याने संकलित केले. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी १८५३ मध्ये आपल्या न्यायालयापुढे आलेल्या एतद्देशीय समाजविषयक खटल्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. लंडन येथील प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढलेली भारतीय अपिले एडमंड मूर याच्या चौदा खंडांत (१८३६–७२) ग्रथित झाली.

या संकलनांचे ऐतिहासिक मूल्य मोठे आहे. दत्तकविधान, वाटणी, स्त्रीधन, जातपंचायतीचे अधिकार यांसंबंधी शास्त्री व मौलवी यांनी न्यायालयास दिलेली मते त्यांत आढळतात. तथापि निवड करणाऱ्याची दृष्टी हीच त्यांची मर्यादा होती. एका विशिष्ट प्रदेशातील वा जातीतील रूढी एकदा छापील निवाड्यात आली, की ती दूरच्या लोकांसही ‘हिंदू विधी’ म्हणून लागू करण्याची प्रवृत्ती वाढली. छापले गेले ते प्रमाण ठरले आणि जे छापले गेले नाही ते विस्मृतीत गेले.

उच्च न्यायालये आणि १८७५ चा अधिनियम : १८६१ च्या अधिनियमान्वये १८६२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे उच्च न्यायालये स्थापन झाली. सर्वोच्च न्यायालये आणि सदर अदालती त्यांत विलीन झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे आरंभीचे निवाडे ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’ या बारा खंडांच्या मालेत आले. याच सुमारास अनेक खासगी वृत्तेही निघू लागली व त्यांच्या विश्वसनीयतेचा प्रश्न निर्माण झाला. त्यावर उपाय म्हणून १८७५ मध्ये भारतीय विधिवृत्त अधिनियम संमत झाला. शासनाच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेल्या वृत्ताखेरीज अन्य कोणत्याही वृत्ताचा दाखला ऐकून घेण्यास न्यायालय बांधलेले नाही, अशी तरतूद या अधिनियमात होती. त्यास अनुसरून १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ ही अधिकृत माला कलकत्ता, मद्रास, मुंबई व अलाहाबाद या चार विभागांत सुरू झाली.

या तरतुदीचा हेतू खासगी वृत्तांना आळा घालण्याचा असला, तरी प्रत्यक्ष परिणाम तसा झाला नाही. बंधनकारक असतो तो निवाडा, त्याचे वृत्त नव्हे. म्हणून निवाडा खरोखरच दिला गेला आहे याबद्दल न्यायालयाची खात्री झाल्यास तो कोठे छापला आहे हे गौण ठरते, असा अर्थ न्यायालयांनी पुढे स्वीकारला. शिवाय अधिकृत माला संथ गतीने निघे आणि तिच्यात अनेक उपयुक्त निवाडे वगळले जात. उद्या सकाळी न्यायालयात उभे राहावयाच्या वकिलास वर्षभराने येणारा खंड फारसा उपयोगी नव्हता. ही उणीव वकिलांनीच भरून काढली.

वकिलांची नियतकालिके : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिन्ही इलाख्यांत वकिलांनी चालविलेली नियतकालिके उदयास आली. १८९१ मध्ये मद्रासमध्ये ‘मद्रास लॉ जर्नल’ निघाले. पी. आर. सुंदर अय्यर व व्ही. कृष्णस्वामी अय्यर हे त्याच्या उभारणीशी निगडित होते आणि दोघेही पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यानंतर काही वर्षांतच कलकत्त्यात ‘कलकत्ता वीकली नोट्स’ हे साप्ताहिक सुरू झाले. १९०४ मध्ये ‘अलाहाबाद लॉ जर्नल’ निघाले. तेजबहादूर सप्रू यांनी त्याचे संपादन अनेक वर्षे केले. मुंबईत रतनलाल रणछोडदास व धीरजलाल केशवलाल ठाकोर या वकीलद्वयाने १८९९ मध्ये ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केले. भारतीय दंड संहितेवरील त्यांचे भाष्य विधीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासले आणि ‘रतनलाल-धीरजलाल’ हे जोडनाव न्यायालयीन व्यवहारात एखाद्या ग्रंथनामासारखे रूढ झाले.

या नियतकालिकांचे स्वरूप अधिकृत मालेहून भिन्न होते. निवाड्यांबरोबर त्यांत लेख, ग्रंथपरीक्षणे, नव्या विधेयकांवरील टीका, निवृत्त वा दिवंगत न्यायाधीशांविषयीचे लेख आणि प्रसंगी एखाद्या निवाड्यातील तर्कदोष दाखविणारी संपादकीय टिपणे असत. न्यायपीठावर बहुसंख्य इंग्रज असताना त्यांच्या निर्णयांची चिकित्सा भारतीय वकिलाने छापील स्वरूपात करणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ही टीका विधीच्या परिभाषेत व संयत शब्दांत होत असल्याने ती राजद्रोहाच्या कक्षेत येत नसे. परंतु न्यायाधीशाचा निर्णयही तर्काच्या कसोटीवर तपासता येतो, ही जाणीव तिने रुजविली.

नागपूर आणि ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ : प्रांतोप्रांतीची वेगवेगळी वृत्ते विकत घेणे जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलास परवडणारे नव्हते. दुसऱ्या प्रांतातील उच्च न्यायालयाने एखाद्या मुद्द्यावर काय म्हटले आहे, हे त्यास कळण्याचा मार्ग नसे. ही अडचण ओळखून वा. वि. चितळे यांनी नागपूर येथून ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे देशातील सर्व उच्च न्यायालये व प्रिव्ही कौन्सिल यांचे निवाडे एकत्र देणारे मासिक चालविले. या मालेत १९१४ पासूनचे निवाडे समाविष्ट आहेत. प्रत्येक उच्च न्यायालयासाठी स्वतंत्र विभाग व स्वतंत्र पृष्ठांकन, बारकाईने केलेल्या शीर्षटीपा आणि विषयवार सूची ही त्याची वैशिष्ट्ये होत. अधिनियमांवरील विस्तृत टीकाग्रंथही याच संस्थेने प्रसिद्ध केले व दिवाणी प्रक्रिया संहितेवरील चितळे यांचे भाष्य देशभर वापरले गेले. कलकत्ता, मुंबई वा मद्रास या इलाख्यांच्या राजधान्यांतून नव्हे, तर मध्य प्रांतातील एका शहरातून अखिल भारतीय विधिवृत्त निघावे, ही घटना उल्लेखनीय आहे. नागपूर हे भौगोलिक दृष्ट्या मध्यवर्ती असल्याने टपालाने अंक सर्वत्र पोहोचविणे सोयीचे होते. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर नागपूर येथूनच निघणाऱ्या ‘महाराष्ट्र लॉ जर्नल’ने राज्यातील वकीलवर्गाची गरज भागविली.

रचना व कार्यपद्धती : विधिवृत्तातील प्रत्येक नोंदीचे काही ठरावीक घटक असतात. आरंभी पक्षकारांची नावे, न्यायाधीशांची नावे, निर्णयाची तारीख व खटल्याचा क्रमांक दिलेला असतो. त्यानंतर विषयदर्शक शब्द आणि शीर्षटीप येते. निवाड्यात कोणत्या वस्तुस्थितीवर कोणते विधितत्त्व प्रस्थापित झाले, हे शीर्षटीपेत थोडक्यात सांगितलेले असते. ती संपादकाने लिहिलेली असल्याने निवाड्याचा भाग नसते. केवळ शीर्षटीपेवर विसंबून युक्तिवाद करणाऱ्या वकिलास न्यायालयाचे बोल ऐकावे लागतात ते यामुळेच. वृत्तकाराचे खरे कौशल्य निर्णयाचा गाभा आणि न्यायाधीशाने ओघात केलेली विधाने यांत भेद करण्यात असते. पहिला बंधनकारक असतो, दुसऱ्या प्रकारची विधाने तशी नसतात.

दाखला देण्याची पद्धतीही सांकेतिक असते. ‘ए. आय. आर. १९५० एस. सी. २७’ याचा अर्थ ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९५० च्या खंडातील सर्वोच्च न्यायालय विभागाचे सत्ताविसावे पृष्ठ, असा होतो. तेथे ए. के. गोपालन खटल्याचा निवाडा सुरू होतो. ‘केशवानंद भारती’ खटल्याचे उदाहरण वृत्तकाराच्या कामाची कठिणता दर्शविते. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मताने तो निकालात काढला. न्यायाधीशांनी एकूण अकरा स्वतंत्र निकालपत्रे लिहिली. बहुमताचा निष्कर्ष म्हणून जो सारांश काढण्यात आला, त्यावर तेरांपैकी नऊच न्यायाधीशांनी सह्या केल्या. अशा स्थितीत न्यायालयाने नेमके काय ठरविले हे चार ओळींत सांगणे हेच मोठे विधिकार्य ठरते. संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत पुढे ज्या स्वरूपात दृढ झाला, त्यामागे त्या निकालपत्रांचे नंतरच्या न्यायालयांनी, वकिलांनी व भाष्यकारांनी केलेले दीर्घ वाचन आहे.

महाराष्ट्रातील काही नोंदलेले खटले : मुंबईच्या विधिवृत्तांतून महाराष्ट्राच्या सामाजिक व राजकीय इतिहासाचे दर्शन घडते. बालपणी झालेल्या विवाहाच्या आधारे नवऱ्याने मागितलेला ताबा नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालेतील नवव्या व दहाव्या खंडांत आहे. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी पतीचा दावा फेटाळला. १८८६ मध्ये अपिलात तो निर्णय रद्द करण्यात आला. संमतिवयाच्या वादातील दोन्ही पक्षांनी या निवाड्यांचा आधार घेतला.

लोकमान्य टिळकांवरील तिन्ही प्रमुख खटले विधिवृत्तांत नोंदलेले आहेत. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीपुढे दंड संहितेच्या कलम १२४ अ मधील अप्रीती या शब्दाचा ‘प्रीतीचा अभाव’ असा व्यापक अर्थ लावला. तो अर्थ मुंबई मालेच्या बाविसाव्या खंडात छापला गेला आणि देशभरातील राजद्रोहाच्या खटल्यांत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. १९०८ चा खटला ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या दहाव्या खंडात आहे. १९१६ मध्ये टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याचा दंडाधिकाऱ्याचा आदेश न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी रद्द केला. टिळकांची बाजू महंमद अली जीना यांनी मांडली होती. हा निवाडा एकोणिसाव्या खंडात आढळतो.

एका छापील अर्थाचे पुढे काय होते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते. १९४२ मध्ये संघ न्यायालयाने निहारेंदु दत्त मजुमदार खटल्यात राजद्रोहाची व्याप्ती संकुचित केली. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाध आणण्याची प्रवृत्ती असल्याशिवाय हा गुन्हा होत नाही, असे त्याने म्हटले. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मुंबईहून गेलेल्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात ते मत अमान्य करून टिळक खटल्यातील अर्थच पुन्हा उचलून धरला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंग खटल्यात संघ न्यायालयाचे मत स्वीकारले. न्या. स्ट्रेची यांनी लावलेला अर्थ अशा रीतीने पासष्ट वर्षे वादविषय राहिला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा वापर स्थगित ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

स्वातंत्र्योत्तर काळ : संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला विधी देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. त्यामुळे १९५० नंतर विधिवृत्तांचे महत्त्व अधिकच वाढले. ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ ही अधिकृत माला १९५० पासून सुरू झाली. मात्र अधिकृत मालेचा जुना विलंबाचा दोष तिच्यातही राहिला. १९६९ मध्ये लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ सुरू केले आणि अल्पावधीत ते सर्वाधिक उद्‌धृत होणाऱ्या वृत्तांपैकी एक बनले. विद्वत्तापूर्ण नियतकालिकांत भारतीय विधी संस्थेचे त्रैमासिक (१९५८ पासून) महत्त्वाचे आहे. १९८० नंतरच्या दशकात लोकहितवादी याचिकांचे युग आले. त्याबरोबर कामगार, स्त्रिया, झोपडपट्टीवासी यांच्या प्रश्नांवर लिहिणारी वकिलांची मासिकेही निघाली. मुंबईच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या संस्थेचे ‘द लॉयर्स’ हे त्यांपैकी प्रमुख होय. येथे वाचक म्हणून केवळ वकील अभिप्रेत नव्हते. चळवळीतील कार्यकर्त्यालाही निवाड्याचा अर्थ समजावा, हा उद्देश होता.

खुले न्यायालय व प्रसिद्धी : न्यायालयाचे कामकाज छापण्याच्या अधिकाराच्या मर्यादा मुंबईतील दोन प्रकरणांतून स्पष्ट झाल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध होऊ नये, असा तोंडी आदेश उच्च न्यायालयाने दिला. त्यास नरेश श्रीधर मिरजकर या वार्ताहराने व इतरांनी आव्हान दिले. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने आव्हान फेटाळले. न्यायदान खुलेपणानेच व्हावयास हवे, हे तत्त्व मान्य करूनही न्यायहितासाठी प्रसिद्धी रोखण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार त्याने उचलून धरला. आणीबाणीत ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचे संपादक मिनू मसानी यांनी प्रसिद्धिपूर्व नियंत्रणाविरुद्ध दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये शासनावरील टीका म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका नव्हे, असे ठरवून नियंत्रकाचे आदेश अवैध ठरविले. हा निवाडा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या अठ्ठ्याहत्तराव्या खंडात ग्रथित असून अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विवेचनात त्याचा आजही उल्लेख केला जातो. वृत्तपत्रांचे आवाज क्षीण झालेले असताना न्यायालयाने काय म्हटले याची विश्वसनीय नोंद विधिवृत्ताने राखली, हे त्याचे महत्त्व होय.

न्यायालयाचा अवमान अधिनियम, १९७१ यातील कलम ४ नुसार न्यायालयीन कामकाजाचे रास्त व अचूक वृत्त देणे आणि कलम ५ नुसार अंतिम निर्णयाची रास्त चिकित्सा करणे हा अवमान ठरत नाही. २००६ च्या दुरुस्तीने लोकहितार्थ व सद्‌भावनेने केलेल्या विधानाबाबत सत्य हा बचाव मान्य झाला. २०१८ मध्ये स्वप्निल त्रिपाठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामकाजाच्या थेट प्रक्षेपणास अनुकूलता दर्शविली आणि २०२१ मध्ये न्यायाधीशांचे तोंडी उद्गार प्रसिद्ध करण्याचा माध्यमांचा अधिकार मान्य केला.

स्वामित्वहक्काचा प्रश्न : निवाडा सार्वजनिक असला, तरी त्याचे संपादित रूप कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न संगणकीय तबकड्यांच्या प्रसारानंतर ऐरणीवर आला. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार न्यायालयाने मनाई केलेली नसल्यास निवाड्याचे पुनर्मुद्रण हा हक्कभंग ठरत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००७ रोजी निर्णय दिला. मूळ निवाड्यावर प्रकाशकाचा हक्क नाही. शुद्धलेखन, विरामचिन्हे वा दाखल्यांची दुरुस्ती यांनीही तो निर्माण होत नाही. मात्र शीर्षटीपा, तळटीपा व संपादकीय टिपणे ही स्वतंत्र निर्मिती होय. संदर्भासाठी केलेली परिच्छेदरचना आणि कोणत्या न्यायाधीशाने सहमती वा भिन्नमत दिले याचा निर्देश यांसाठीही कौशल्य व विवेक लागतो, म्हणून तेही संरक्षित आहेत. केवळ श्रम व पैसा खर्च केल्याने हक्क मिळत नाही, तर किमान सर्जनशीलता आवश्यक असते, ही या निर्णयातील कसोटी पुढे अन्य क्षेत्रांतही लागू झाली. विधी सर्वांचा, भाष्य भाष्यकाराचे, असे या निर्णयाचे सार सांगता येईल.

संगणकीय वृत्ते : एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून विधिवृत्तांच्या स्वरूपात मोठे परिवर्तन झाले. सशुल्क संगणकीय संग्रहांनी ग्रंथालयातील फडताळांची जागा घेतली. २००८ मध्ये संगणकतज्ज्ञ सुशांत सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘इंडियन कानून’ या शोधसेवेमुळे निवाडे विनामूल्य शोधता येऊ लागले. तालुक्याच्या न्यायालयातील नवोदित वकील आणि उच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील यांच्यातील ग्रंथसंग्रहाची दरी त्यामुळे बरीचशी भरून आली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत मालेतील निवाडे ‘ई-एस्‌सीआर’ या नावाने सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांना प्रकाशकनिरपेक्ष क्रमांक देण्याची पद्धती सुरू झाली. त्यामुळे दाखला देण्यासाठी एखाद्या खासगी वृत्ताचे पृष्ठ सांगण्याची गरज उरली नाही. १८७५ च्या अधिनियमाला निर्बंधाने जे साधता आले नाही, ते विनामूल्य उपलब्धतेने बऱ्याच अंशी साध्य झाले.

याच काळात निवाड्यांवरील भाष्याचा वेगही वाढला. पूर्वी एखाद्या निवाड्याची चिकित्सा मासिकात येण्यास महिने लागत. आता निकालाच्या दिवशीच वकील त्यावर लिहू लागले. निकालपत्राचे पूर्ण वाचन होण्यापूर्वी मत बनविण्याचा धोका त्यात आहे. संपादकाने केलेल्या निवडीचा अभाव हाही दोषच ठरतो. सर्वच निवाडे उपलब्ध झाल्याने महत्त्वाचा व किरकोळ यांतील भेद पुसट होतो आणि परस्परविरोधी दाखल्यांची संख्या वाढते. विधिवृत्ताची चाळणी म्हणून असलेली उपयुक्तता त्यामुळे संपलेली नाही.

व्यावसायिक निर्बंध : वकिलांच्या लेखनावर व्यवसायाची काही बंधने आहेत. वकील अधिनियम, १९६१ खाली भारतीय वकील परिषदेने केलेल्या नियमांपैकी नियम ३६ नुसार वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जाहिरात करणे, तसेच स्वतः चालविलेल्या खटल्यासंबंधी वृत्तपत्रांतून मजकूर येईल अशी व्यवस्था करणे निषिद्ध आहे. वकिली हा व्यापार नसून न्यायदानातील सहभाग आहे, ही त्यामागील भूमिका होय. २००८ मधील दुरुस्तीने वकिलास आपले नाव, पत्ता, नोंदणी, अर्हता व कार्यक्षेत्र एवढी माहिती संकेतस्थळावर देण्याची मुभा मिळाली. विधिविषयक निर्वेध चर्चा आणि प्रच्छन्न जाहिरात यांतील सीमारेषा मात्र अस्पष्टच राहिली. ज्येष्ठ वकिलास त्याच्या नावाची प्रसिद्धी आपोआप मिळते, तर नवोदितास लेखन हाच ओळख होण्याचा एक मार्ग असतो. म्हणून या नियमाचा भार दोघांवर सारखा पडत नाही, असा आक्षेप घेतला जातो. न्यायसंस्थेवरील टीकेच्या मर्यादेचा प्रश्न २०२० मध्ये प्रशांत भूषण यांच्या दोन ट्विटांवरून उपस्थित झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवून एक रुपया दंड केला.

भाषेचा प्रश्न : अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज सामान्यतः इंग्रजीत चालते. परिणामी पूर्वनिर्णयांचे जवळजवळ सर्व वाङ्मय इंग्रजीत आहे. दुसरीकडे, २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविण्यात आली. कनिष्ठ न्यायालयात मराठीत बोलावयाचे आणि दाखला मात्र इंग्रजीतून द्यावयाचा, अशी ही द्विधा स्थिती आहे. भाषा संचालनालयाच्या ‘न्यायव्यवहार कोशा’ने मराठी विधिपरिभाषा उपलब्ध करून दिली. तथापि परिभाषा वापरात आणण्यासाठी त्या भाषेत निवाडे व भाष्ये सातत्याने छापली जावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निवडक निवाड्यांचे भारतीय भाषांतील अनुवाद उपलब्ध करण्यास प्रारंभ केला. त्यांत मराठीचा समावेश आहे. हे अनुवाद संगणकाच्या साहाय्याने होत असून माहितीसाठी आहेत; अधिकृत पाठ इंग्रजीच राहतो. ज्या पक्षकाराच्या जमिनीचा, पोटगीचा वा नोकरीचा निकाल लागलेला असतो, त्याला तो आपल्या भाषेत वाचता येणे ही विधिवृत्तांच्या दीर्घ प्रवासातील अद्याप अपुरी राहिलेली पायरी आहे.

विधिवृत्तांच्या या इतिहासात न्यायाधीशाच्या खासगी टिपणवहीपासून सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहापर्यंतचा क्रम आढळतो. अधिकृत व खासगी वृत्तांतील स्पर्धेने त्यास गती दिली आणि व्यवसाय सांभाळून संपादन करणाऱ्या वकिलांच्या परिश्रमाने तो टिकून राहिला. निवाड्याची अचूक नोंद, त्यातील तत्त्वाची निवड आणि त्याची निर्भय चिकित्सा ही विधिवृत्ताची तीन कार्ये होत. साधने बदलली, तरी या तिन्ही कार्यांची जबाबदारी वकीलवर्गावरच आहे.